अर्ध्यावर तोडलेलं आख्यान

माझ्या आईला जळगावात, तिच्या राहत्या गावात, स्टेजवर बसवून एक माणूस माईकवरून 'इस्रायलच्या पाहुण्या' म्हणाला. त्या संध्याकाळचा राग माझ्या पोटात अजून आहे. निवला असेल असं मधूनमधून वाटतं. मग भाजीबाजारात कुणीतरी विचारतं, तुमचं मूळ गाव कोणतं? मी भुसावळ म्हणते. समोरचा हसतो आणि म्हणतो, तसं नाही हो, मूळ कोणतं? की मी पिशवी उचलून चालायला लागते.

आम्ही बेने इस्रायल. कोकणातले ज्यू. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटलं. आजोबा रेल्वेत लागले आणि भुसावळला आले. वडीलही रेल्वेतच राहिले. माझ्या लहानपणी तिथल्या क्वार्टरांत आमची बरीच घरं होती. नव्याच्या सणाला एकमेकांकडे ताटं जायची, बिरड्याच्या रोज्याला, त्या उपासाच्या संध्याकाळी, सगळ्या स्वयंपाकघरांतून सोललेल्या वालांचा वास यायचा. मग एकेक घर उठलं. कुणी ठाण्याला गेलं, कुणी इस्रायलला. वडील वारले तेव्हा मी जळगावच्या एका शाळेत संगीत शिकवत होते. मी आईला इकडे आणलं. धाकटा भाऊ शाळा-कॉलेजसाठी माझ्याकडेच राहिला होता, तोवर तो ठाण्यात स्थिरावला होता. मी लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल इथे काही सांगायचं नाही.

जळगावात सिनेगॉग नाही. भुसावळलाही नव्हतं. आमच्याकडे होती ती दाराच्या चौकटीवरची मेजुजा, म्हणजे धर्मवचनाची डबी, शुक्रवार संध्याकाळचे दिवे आणि आईचं कीर्तन.

हे कीर्तन म्हटलं की लोकांचा विश्वास बसत नाही. ज्यूंचं, मराठीतलं, आणि तेही साकी-दिंडी-ओवीत? पण आमच्या पणज्या-खापरपणज्यांच्या काळापासून हे चालत आलंय. आमच्या धर्मग्रंथातल्या गोष्टी हिब्रूत होत्या आणि बायकांना हिब्रू येत नव्हतं, पुरुषांनाही बेताचंच यायचं. मग त्या गोष्टी मराठीत आल्या, पेटीवर आल्या, टाळांवर आल्या. आईला ते तिच्या वडिलांनी शिकवलं. त्या काळी कीर्तन पुरुष करायचे. आईच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून ते आईकडे आलं. तिचा आवाज मुळात जाडसर. उभी राहिली आणि पहिली ओळ घेतली की समोरची कुजबुज आपोआप थांबायची. पेटीवर मी असायचे.

आणि टाळांवर अक्का. अक्का आमच्या शेजारीण, धुळ्याकडच्या, सून होऊन जळगावात आलेल्या. त्यांचं बोलणं अजून अहिराणीच. आई एकदा दुपारी घरात एक आख्यान घोळवत होती. दुष्काळात देशोधडीला लागलेल्या घरातली विधवा सून, परक्या मुलखातली, म्हाताऱ्या सासूला सोडून माहेरी जायला तयार होत नाही, तिच्याबरोबर सासूच्या गावी येते आणि पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते, ती गोष्ट. सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात सांडलेली कणसं. मूळ गोष्टीत जव आहे. आईने ज्वारी केली होती. तिने स्वतः रचलेली ओवी अशी होती:

पुढे कापती कणसे, मागे चाले ती वाकून,
पडले ते ते वेचिते, ओटी पदराची करून.

भिंतीपलीकडून अक्का आल्या आणि दारातच बसल्या. आख्यान संपेपर्यंत उठल्या नाहीत. मग डोळे पुसत म्हणाल्या, "माय, हाई ते आमनीच गोठ शे." ही तर आमचीच गोष्ट. लहानपणी त्या आईबरोबर लोकांच्या शेतात सरवा वेचायला जायच्या. शेतमालकाची हाक आली की पदरातलं कणीस दडवायच्या. हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी टाळ घेऊनच आल्या, आणि तेव्हापासून आई, मी आणि अक्का असं आमचं तिघींचं मंडळ झालं.

कार्यक्रमाचं निमंत्रण घेऊन एक निवृत्त प्राध्यापक घरी आले होते. माणूस चांगला. सगळ्या धर्मांचं भक्तिसंगीत एका स्टेजवर आणायचं, अशी त्यांची कल्पना होती. आईचं कीर्तन त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. आईने हेच आख्यान निवडलं. थंडीचे दिवस होते. आम्ही रोज संध्याकाळी सराव केला. आईने वडिलांनी घेतलेली हिरवी साडी काढली, अक्कांनी नवीन चोळी शिवली.

हॉलमध्ये पोचलो तर निवेदन करणारा दुसराच एक जण, सूट घातलेला. त्याने आम्हाला काहीही विचारलं नाही. पडदा उघडला आणि म्हणाला, हजारो मैल दुरून आलेल्या या इस्रायलच्या पाहुण्यांचं टाळ्यांनी स्वागत करू या. आई विमानात कधी बसलेली नाही. अक्का तर ज्यूही नाहीत. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मानेनेच खुणावलं, सूर दे.

तिने सुरुवात केली. दुष्काळ झाला, घर उठलं, परक्या मुलखात मुलं दगावली, सासू परत निघाली. दोघी वेशीवर उभ्या होत्या. हॉल शांत झाला होता. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावलेला मी पाहिला. सून सासूबरोबर चालू लागली, आता शेत येणार, एवढ्यात तो सूटवाला स्टेजवर आला. मला वाटलं, माईकचं काही असेल. आईच्या हातून माईक घेऊन तो म्हणाला, मराठी आपण रोजच ऐकतो, तर ताईंनी आता आपल्याला हिब्रूतलं काही ऐकवावं, अशी रसिकांची इच्छा आहे.

कुणा रसिकाने ती इच्छा सांगितली होती? मी समोर पाहत होते. कुणीही तोंड उघडलं नव्हतं.

आईने माईक परत घेतला. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. "मी मराठीत सांगत होते. गोष्ट अजून व्हायची आहे. पण तुम्हाला नको असेल तर राहू द्या." आणि तिने हात जोडले. मी पेटीचा भाता बंद केला. निवेदकाने शाल-श्रीफळ आणलं, फोटो काढले. कार्यक्रम पुढे सरकला.

हॉलबाहेर त्याहून वाईट झालं. एक तरुण छोटा निळा-पांढरा झेंडा घेऊन आला, आईच्या हातात दिला आणि शेजारी उभा राहून सेल्फी घेऊ लागला. तुमचे लोक त्यांना बरोबर धडा शिकवतात, आपणही शिकायला पाहिजे, असं काहीसं म्हणाला. तो जातो न जातो तोच दुसरा एक जण आला, वयाने मोठा, शिकलेला. त्याने आईला विचारलं, तिकडे लहान मुलं मरतात, तुम्हाला रात्री झोप येते का? माझी आई, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत संसार केलेली बाई, हातात तो झेंडा घेऊन उभी होती. एकाला तिचं अभिनंदन करायचं होतं, दुसऱ्याला तिच्याकडून जाब हवा होता. त्या सुनेचं शेतात पुढे काय झालं, हे दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

दुसऱ्याला आई म्हणाली, मुलं कुणाचीही मेली तरी झोप येत नाही. झेंडा तिने अक्कांकडे दिला. अक्कांनी तो घडी करून पिशवीत ठेवला. फेकला नाही, मिरवलाही नाही. मला मात्र त्या दोघांनाही कॉलर धरून हलवावंसं वाटत होतं. रिक्षात मी बोलत राहिले. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली की शेताची ओवी चांगली जमली होती, राहून गेली.

कुणीतरी आमच्या कार्यक्रमाचा तुकडा मोबाईलवर पाठवला आणि तो फिरत फिरत ठाण्याला गेला. भावाचा फोन आला. मला वाटलं, आईचा झालेला अपमान पाहून तो चिडला असेल. तो चिडलाच होता, पण आईवर. गेली काही वर्षं तो धर्माच्या वाचनाकडे वळला होता. परदेशात शिकून आलेल्या एका तरुण गुरुजींकडे दर आठवड्याला जायचा. डोक्यावरची टोपी आता उतरत नव्हती. यात मला काही वाईट वाटत नव्हतं. ज्याची त्याची श्रद्धा. पण त्या दिवशी तो म्हणाला, परक्या पुरुषांसमोर बाईने गायचं नसतं, हे आईला माहीत नाही म्हणून सोडून देऊ, तुला तरी कळायला हवं होतं. आणि कीर्तन हे मुळात आपलं नाहीच, ते आपण दुसऱ्यांकडून उचललं, अज्ञानात होतो तेव्हा.

अज्ञानात होतो. आईच्या वडिलांनी ज्या आवाजात आख्यानं सांगितली, ज्यांच्या जोरावर देवळं आणि मशिदी असलेल्या गावात, सिनेगॉगशिवाय, आम्ही ज्यू राहिलो, ते अज्ञान. हॉलमधल्या सूटवाल्याला आम्ही पुरेसे परदेशी वाटलो नाही, आणि माझ्या सख्ख्या भावालाही नेमकं तेच वाटत होतं. मी फोन ठेवला. आईला काही सांगितलं नाही. त्याने तिला स्वतः सांगितलं.

होळीच्या सुमारास आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालता आलं तर मलिदा करीन, असा तिने नवस बोलला होता. मलिदा हा आमचा कृतज्ञतेचा विधी. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. एलियाहू हन्नाबींची, आमच्या प्रेषिताची, आळवणी करायची, देवाचे आभार मानायचे आणि सगळ्यांनी मिळून खायचं. बाहेर हा शब्द उच्चारायची सोय नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी एकदा म्हटलं, आमच्याकडे मलिदा आहे, तर सगळे हसले, तुम्हीसुद्धा मलिदा खाता का मॅडम? तेही मी गिळलं.

भाऊ म्हणाला, मी येतो, विधी नीट करू. ठाण्याहून तो चार-पाच पुरुष घेऊन आला, त्यात ते तरुण गुरुजी. आई हरखून गेली होती. इतक्या वर्षांत घरात इतक्या माणसांनी हिब्रूत प्रार्थना म्हटली नव्हती. अक्का सकाळपासून आमच्याकडेच होत्या. नारळ त्यांनी खोवले, पोहे त्यांनी भिजवले, केळी त्यांच्या पुतण्याच्या मळ्यातली.

भाऊ स्वयंपाकघरात आला. ताटाकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, हे पुन्हा करावं लागेल. यांच्या हातचं नको." हळू बोलला होता, पण आमचं स्वयंपाकघर केवढं! अक्कांनी विळी धुतली, भिंतीला टेकवून ठेवली, पदराला हात पुसले. "मी घर जास," म्हणाल्या आणि मागच्या दाराने गेल्या.

मी भावाला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. त्याच्या तापात अक्कांनी रात्र रात्र त्याच्या उशाशी बसून काढली होती, ते मी काढलं. त्याच्या बारावीच्या पेढ्यांवर पहिला हात त्यांनी ठेवला होता, तेही. आवाज बाहेरच्या खोलीत गेलाच असणार. गुरुजी दारात आले. काय झालं ते त्यांनी विचारून घेतलं आणि भावाला म्हणाले की न शिजवलेले पोहे आणि नारळ यांत आक्षेप घेण्यासारखं काही नाही. ज्यांनी केलं त्यांना बोलवा. भावाचा चेहरा उतरला. तो जागचा हलला नाही. मग आईच काठी टेकत अक्कांकडे गेली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ती एवढं चालली. त्या दोघी आत काय बोलल्या, मला माहीत नाही. बऱ्याच वेळाने दोघी मिळून परत आल्या.

मलिदा झाला. प्रार्थना सुंदर झाली, हे मान्य केलं पाहिजे. गुरुजींचा आवाज स्वच्छ होता आणि आई डोळे मिटून ऐकत होती. प्रार्थनेनंतर आमच्या घरात आख्यान होतं, नेहमीच होतं. आईने मला पेटी काढायला सांगितली. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. भाऊ म्हणाला, आई, आज नको. आई म्हणाली, नवस माझा आहे.

तेव्हा गुरुजी उठले. अतिशय नम्रपणे म्हणाले, "घर तुमचं आहे, आई, तुम्ही म्हणा. आम्ही ओट्यावर बसतो." आणि चपला घालून सगळे बाहेर गेले. भाऊही गेला.

लोक मला सांगतात, बघ, किती समजूतदारपणे वागले. असतील. पण मला तो समजूतदारपणा ओरडण्यापेक्षा जास्त लागला. सूटवाल्याने निदान तोंडावर माईक हिसकावला होता. इथे तिच्या पोटचा मुलगा तिचा आवाज कानावर पडू नये म्हणून उन्हात जाऊन बसला होता. मी उठून खिडकी उघडली, पेटी सरकवत खिडकीपाशी नेली आणि भाता जोरात मारायला लागले. सगळे स्टॉप उघडे टाकले. ओट्यावर बसलेल्यांना ऐकू गेलंच पाहिजे होतं.

आईने मला थांबवलं. "पेटी भांडायला नसते," ती म्हणाली. "इकडे ये."

मी पेटी परत जागेवर आणली. खिडकी मात्र लावली नाही. आईने बसूनच आख्यान लावलं, उभं राहवत नव्हतं. वेशीवरच्या दोघी, परतीची वाट, शेवटी शेत. अक्का टाळ धरून ऐकत होत्या, शेताशी आल्यावर त्यांचे टाळ थांबले आणि पुन्हा सुरू झाले. शेतमालकाने गड्यांना सांगितलं, तिला हटकू नका, उलट मुद्दाम काही कणसं सांडत जा. त्या सुनेचं त्या शेतमालकाशी लग्न लागलं, तिला मुलगा झाला, गावच्या बायकांनी सासूच्या मांडीवर बाळ ठेवलं. आईने सगळं शेवटापर्यंत नेलं. ऐकायला आम्ही दोघीच होतो. ओट्यावर कोण कान देऊन होतं आणि कोण नाही, ते मी पाहिलं नाही.

संध्याकाळच्या गाडीने ते गेले. आईने भावाला डबा भरून मलिदा दिला, त्याने तो घेतला, खाली वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. मी स्टेशनवर गेले नाही. अक्कांची त्याने माफी मागितली नाही. अक्का म्हणतात, जाऊ द्या, पोरगं शे. ते पोरगं पन्नाशीला आलंय.

पुढच्या थंडीत ते प्राध्यापक पुन्हा आले. मी त्यांना दारातच उभं केलं आणि सगळं सुनावलं: पाहुण्या, माईक, झेंडा, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी ते विंगेत होते आणि पुढे यायला हवं होतं, हे त्यांनी कबूल केलं. या वेळी कार्यक्रम धुळ्यात होता. आम्हाला काय म्हणायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जळगावच्या बायका म्हणा, पुरे. आईला एवढा प्रवास झेपला नसता. ती म्हणाली, तू कर. मी आयुष्यभर पेटीच्या मागे बसलेली. उभं राहून कधी बोलले नव्हते.

धुळ्याला अक्का माझ्याबरोबर आल्या. माझं कीर्तन आईसारखं झालं नाही. राग आवाजात उतरतो आणि ओवी चढी लागते, हे मला तिथेच कळलं. मध्ये एक गृहस्थ मागच्या रांगेतून उठून म्हणाले, एखादं हिब्रू भजन होऊ द्या. मी त्यांना बसायला सांगितलं. म्हटलं, आख्यान चालू आहे. ते बसले. मी पुढची ओवी घेतली. संपल्यावर टाळ्या बेताच्या पडल्या. अक्कांच्या माहेरच्या चार बायका मात्र स्टेजपाशी येऊन त्यांना मिठ्या मारून गेल्या.

भाऊ आणि मी आईच्या औषधांपुरतं बोलतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. त्याच्या घरी मलिदा होता, धाकट्या मुलीच्या परीक्षेचा. प्रार्थना झाल्यावर मुलीने विचारलं होतं, आजी सांगते तसं काही नाही का? मग तिच्यासाठी त्याने स्वतः आख्यान सांगून पाहिलं. तीनचार ओळींच्या पुढे गेलं नाही. "आईसारखं नाही जमलं," तो म्हणाला. त्याला माझ्याकडून एखादा मऊ शब्द हवा होता, ते मला समजत होतं.

"नाहीच जमणार," मी म्हटलं, आणि फोन आईकडे दिला.